वाढत्या अंगाचा फ्रॉक

मी एक फ्रॉक शिवला आहे. हे वाक्य सुरुवातीलाच पूर्ण करून टाकतो, कारण घरात मला ते कुणी पूर्ण करू देत नाही. "मी एक फ्रॉक" एवढं म्हटलं की बायकोला ठसका लागतो, आई चष्मा काढून पुसायला घेते आणि शेजारच्या काकू, त्या आमच्याकडे बसलेल्या असतातच, "जाऊ द्या हो, माणूस चुकतोच," असं म्हणून माझं सांत्वन करतात. मी सांत्वन मागितलेलं नसतं.

सुरुवात फोटोंपासून झाली. आईच्या वाढदिवसाला दरवर्षी आम्ही सगळे, म्हणजे आई, मी, बायको, आमची मुलगी, आणि दादा, वहिनी, त्यांची तायडी, नटूनथटून स्टुडिओत जातो आणि एक फोटो काढून घेतो. ते फोटो आमच्या दिवाणखान्यात ओळीने लावलेले आहेत. दरवर्षी माझे केस थोडे कमी होतात आणि दादाचं पोट थोडं वाढतं, एवढाच काय तो त्यात बदल. निदान मला तसं वाटत होतं.

आमच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. ती एका जागी उभी राहू शकत नाही, म्हणून हे नाव. एके दिवशी मात्र ती त्या फोटोंसमोर बराच वेळ गप्प उभी होती. एवढा वेळ ती गप्प असली की आम्ही आधी कपाळाला हात लावून बघतो. मी जवळ गेलो तर तिने एका जुन्या फोटोवर बोट ठेवलं.

"बाबा, माझा फ्रॉक तायडीने का घातलाय?"

मी बघितलं. गुलाबी फ्रॉक, कॉलरवर लेस. अलीकडच्या फोटोत तोच फ्रॉक भिंगरीच्या अंगात. मग मी सगळ्या फोटोंवरून नजर फिरवली. निळा फ्रॉक आधी तायडी, मग भिंगरी. चौकटीचा स्कर्ट आधी तायडी, मग भिंगरी. तायडी तीन वर्षांनी मोठी. तिचे कपडे आखूड झाले की वहिनी ते धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून आमच्याकडे पाठवते आणि न चुकता म्हणते, "एकदाच घातलाय हो, अगदी नव्यासारखा आहे. नीट वापर हं." वहिनीच्या मनात काही नसतं, आणि कपडे खरोखर चांगले असतात. आम्हीही खूश असायचो.

"तो आधी तिचा होता, मग तुझा झाला," मी म्हणालो.

"मग आधी माझा कुठला?"

सात वर्षांच्या मुलीच्या अंगावर आजवर एकही कपडा केवळ तिच्यासाठी म्हणून आलेला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं आणि फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी काहीतरी जाहीर करून बसतो, हा माझा स्वभाव आहे.

"या वाढदिवसाच्या फोटोत तुझ्या अंगावर नवाकोरा फ्रॉक असेल," मी म्हणालो. "आणि तो दुकानातला नाही. मी स्वतः शिवणार."

"गोल फिरल्यावर फुलला पाहिजे," भिंगरी लगेच म्हणाली. "ताटासारखा."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. ती बायकोची पहिली प्रतिक्रिया होती.

आता मला शिवणकाम येत नव्हतं, हे खरं आहे. पण मी भूमापन खात्यात नोकरी करतो. लोकांच्या जमिनी मोजणं हे माझं काम. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या सख्ख्या भावांच्या मधून मी हद्दी आखल्या आहेत, आणि दोघांनीही त्या मुकाट्याने मान्य केल्या आहेत. शिवणं म्हणजे शेवटी काय, मोजायचं, आखायचं, कापायचं आणि जोडायचं. त्यातली अर्धी कामं मी पगार घेऊन करतो, असं मी बायकोला समजावलं.

"जमीन हलत नाही," ती म्हणाली, "आणि वाढत पण नाही. एवढंच लक्षात ठेवा म्हणजे झालं."

कोपऱ्यावरच्या टेलरकडे द्यायचा पर्याय होताच. पण तो गृहस्थ गेली कित्येक वर्षं फक्त "उद्या या" एवढंच बोलतो. तरी शेजारधर्म म्हणून मी त्याला माझा बेत सांगितला. त्याने मान हलवली. "कापायच्या आधी मला एकदा दाखवा," तो म्हणाला. मी विचारलं, "कधी येऊ?" तो म्हणाला, "उद्या या." मी उद्या गेलो. पुढचं सांगायला नको.

कापड भिंगरीनेच निवडलं. पिवळं, आणि त्यावर पांढरी बदकं. दुकानदाराने विचारलं, "फ्रॉक कोण शिवणार?" मी म्हणालो, "मी." त्याने न विचारता थोडं जास्तीच फाडलं.

आईचं शिवणाचं मशीन घरात होतं, पण त्याच्यावर टेबलक्लॉथ टाकून आम्ही इतकी वर्षं त्याला टेबल म्हणूनच वागवत होतो. वर टीव्ही, टीव्हीवर फुलदाणी. टीव्ही जमिनीवर आला, फुलदाणी कपाटात गेली, आणि मशीनचं डोकं वर काढलं तेव्हा आतून भिंगरीची हरवलेली खडूची पेटी, एक चमचा आणि मागच्या निवडणुकीतल्या उमेदवाराचं पत्रक निघालं. मी तेल घातलं. ते एका बाजूने आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने काळं होऊन माझ्या लेंग्यावर आलं. पट्टा ढिला झाला होता, तो कापून आखूड केला. मग चाक फिरवलं तर मशीन उलटं शिवू लागलं. आई म्हणाली, "चाक स्वतःकडे फिरव रे, तू त्याला हाकलून देतोयस." हे एकदा कळल्यावर मशीन नीट चाललं. आवाज मात्र असा यायचा की भांड्यांची फडताळं हलायची.

सरावासाठी मी घरातल्या जुन्या चादरी शिवल्या. मग उशांचे अभ्रे शिवले. एक अभ्रा चारही बाजूंनी शिवून टाकला. बायकोने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "उशी आत कुठून जायची?" मी म्हणालो, हा सराव आहे, यात उशी जायची नाहीच. तिने तो जपून ठेवला आहे. पाहुण्यांना दाखवते.

चौथ्या की पाचव्या दिवशी सोसायटीची नोटीस आली. आमच्या बरोबर खाली सेक्रेटरी राहतात. निवृत्त झाल्यापासून ते सोसायटीशिवाय दुसरं काही करत नाहीत. नोटिशीत लिहिलं होतं: "आपल्या सदनिकेत शिवणकामाचा व्यवसाय सुरू असल्याचे आवाजावरून निदर्शनास येते. निवासी जागेचा व्यापारी वापर नियमबाह्य असून आपण त्वरित खुलासा करावा."

खुलासे लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या खात्यात कुणी नाही. मी उत्तर पाठवलं: "सदर फ्रॉक हा व्यापारी नसून कौटुंबिक आहे." संध्याकाळी परत उत्तर: "फ्रॉक कौटुंबिक असल्याबाबतचा पुरावा सादर करावा." पुरावा त्या वेळी पलंगावर उड्या मारत होता. मी लिहिलं: "पुरावा शाळेतून दुपारी येतो. कधीही येऊन पाहावा." त्यावर सेक्रेटरींनी प्रत्यक्ष पाहणीला येणार असल्याचं कळवलं, पण तारीख कळवली नाही. अचानक पाहणी हे त्यांचं जुनं शस्त्र आहे. माझंही तेच आहे, त्यामुळे मला राग आला नाही.

आता मुख्य काम. माप घेणं.

जमिनीचं माप घेताना जमीन "गुदगुल्या होतात" म्हणून खाली बसत नाही. भिंगरी बसत होती. छातीवरून टेप फिरवला की ती टेपातून गिरकी घेऊन बाहेर यायची. कमरेचं माप दर वेळी वेगळं येत होतं. शेवटी मी तिला खाऊचा डबा हातात देऊन दाराच्या चौकटीत उभं केलं आणि एका दमात सगळी मापं घेतली. मापं अचूक होती. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पुढे जे झालं त्यात मापांचा दोष नव्हता.

मी जमिनीवर कापड अंथरलं, खडूने रेघा आखल्या आणि कात्री उचलली. एवढ्यात बायको म्हणाली, "दोन बोटं जास्त ठेवा हं. मुलांचं अंग वाढतं असतं."

मी दोन बोटं जास्त ठेवून नव्या रेघा आखल्या. ती बाजारात गेल्यावर आई येऊन बसली. "पोरीचं वाढतं अंग आहे. दोन बोटं सोडलीस ना?" मी सोडलीत म्हणून सांगणार होतो, पण आईच्या चेहऱ्यावर अशी काळजी होती की म्हटलं, आईची म्हणून आणखी दोन सोडू. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या त्या साखर विसरून कापडाशीच वाकल्या. "आमच्या वेळी आम्ही चांगली दोन बोटं ठेवायचो," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या वर्षी पोटऱ्या उघड्या." काकूंची बोटं जाड आहेत. त्यांनी ती कापडावर ठेवूनच दाखवली.

या दोन बोटांचं मी मनापासून कौतुक करत होतो. आमच्या खात्यात कुणाच्या हद्दीत दोन बोटं जास्त सोडली तर पोलीस बोलवावे लागतात. इथे सगळे प्रेमाने सोडायला सांगत होते. मी सोडत गेलो.

कापून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पुढच्या भागावरची बदकं सरळ पोहत होती. मागच्या भागावरची सगळी पाय वर करून होती. कापड वाचवायचं म्हणून मी मागचा भाग उलट्या बाजूने कापला होता, आणि बदकांना वर-खाली असतं हा विचार मला शिवला नव्हता. मी भिंगरीला धास्तावतच दाखवलं. ती खाली वाकून, डोकं जमिनीला टेकवून बघत राहिली.

"मागची बुडी मारतायत!" ती ओरडली. "बाबा, मस्त!"

त्या दिवशी मला कळलं की जगात एक तरी माणूस माझ्या बाजूने आहे.

मग तीन दिवस मी ऑफिसातून आलो की मशीनवर. बाही एकदा गळ्याला लागली, ती उसवली. मग ती उलटी लागली, पुन्हा उसवली. चुण्या घालताना घेरात काही ठिकाणी दाट आणि काही ठिकाणी विरळ आल्या, पण त्याला मी नैसर्गिक चढउतार म्हणतो. फ्रॉक पूर्ण झाल्याशिवाय कुणी अंगाला लावून बघायचा नाही, असा माझा नियम होता. अर्धवट मोजणीचा नकाशा आम्ही अर्जदाराला दाखवत नसतो. भिंगरी रोज मशीनशेजारी उभी राहून विचारायची, "आज झाला?" मी म्हणायचो, "उद्या." हे ऐकून मला टेलरची आठवण यायची आणि अंगावर शहारा यायचा.

शेवटच्या बाजूची टीप मारत होतो तेव्हा दाराची बेल वाजली. बायको आंघोळीला गेलेली, आई देवळात म्हणजे काकूंकडे, तिचं देऊळ तेच. मी उठलो. फ्रॉकही उठला. माझ्या शर्टाचा पुढचा भाग आणि फ्रॉकचा घेर एकाच टिपेत शिवले गेले होते. दोरा तोडला, पण शर्ट काही सुटेना. बेल पुन्हा वाजली. मी तसाच, पोटाशी पिवळा फ्रॉक लोंबकळत, दार उघडायला गेलो.

दारात सेक्रेटरी. हातात सोसायटीची फाईल.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फ्रॉककडे पाहिलं. मग फाईल बंद केली.

"हे तुम्ही शिवलंत?"

"हो."

"आणि हे तुम्हाला शिवलंय."

"तात्पुरतं," मी म्हणालो.

ते आत आले आणि हात मागे बांधून माझ्याभोवती फेरी मारत फ्रॉक निरखू लागले. भिंगरी पलंगावरून सगळं बघत होती. उलटी बदकं, चुण्या, तेलाचा एक डाग. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच माया बघितली. नंतर आलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं आहे: "प्रत्यक्ष पाहणी केली असता, शिवणकामाचा दर्जा लक्षात घेता, सदर ठिकाणी व्यवसाय चालण्याची कोणतीही शक्यता आढळत नाही. प्रकरण बंद." मी अपील करणार होतो. बायकोने हात धरला.

पण निघताना त्यांनी बाजूची टीप बोटाने चाचपली आणि म्हणाले, "एक सांगू का? ही टीप दोन बोटं बाहेरून घ्या. पोरांचं वाढतं अंग." मी शर्ट उसवताना ती बाजूही उसवली आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे टीप बाहेरून घेतली. दुसरी बाजू वेगळी दिसायला नको म्हणून तिथेही. शेवटचा टाका पडला आणि मशीनचा पट्टा तुटला. मला तो शुभशकुन वाटला.

वाढदिवसाचा दिवस उजाडला. दादा, वहिनी, तायडी सकाळीच यायचे होते आणि जेवणाआधी स्टुडिओची वेळ ठरली होती. भिंगरी आंघोळ करून, केस विंचरून, हात वर करून उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा ती अजिबात हलत नव्हती. मी फ्रॉक तिच्या डोक्यावरून सोडला.

फ्रॉक खाली गेला. म्हणजे थांबलाच नाही. गळ्यातून डोकं आलं, मागोमाग दोन्ही खांदे आले, आणि फ्रॉक कोपरांवर येऊन अडकला. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. घेर जमिनीवर पसरला होता. बायकोने कंबरेशी धरून पाहिला तर आणखी एक भिंगरी आत मावली असती.

"किती बोटं सोडलीत?" ती हळूच म्हणाली.

मी हिशेब दिला. तिची दोन, आईची दोन, काकूंची दोन जाड, सेक्रेटरींची दोन. प्रत्येक बाजूला. पुढच्या भागाला आणि मागच्यालाही. आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून गळ्यालाही.

"अहो, ती आत दाबायची असतात!" बायको म्हणाली. "शिवणीत, आतल्या बाजूला. मूल वाढलं की उसवून सोडायची."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"हे कुणाला सांगावं लागत नाही!"

आईने कंबरेशी कापड दाबून पाहिलं. "बाजू दाबता येतील रे. पण गळा कसा दाबणार? आणि तुझं मशीन तर झोपलंय."

मी खाली बसलो. हद्दी आखून देणारा माणूस मी, आणि माझ्याच मुलीला मी फ्रॉकच्या हद्दीबाहेर करून ठेवलं होतं. भिंगरी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने कोपरांशी फ्रॉक धरून ठेवला आणि विचारलं, "मी केव्हा वाढणार?"

इतक्यात बेल वाजली आणि दादाची फौज आत आली. वहिनीच्या हातात नेहमीची पिशवी होती. तायडीची नजर थेट फ्रॉकवर गेली. "अय्या, बदकं! मागची उलटी! काका, कसलं भारी आहे! मी घालून बघू?"

कुणी हो म्हणायच्या आत भिंगरीने फ्रॉक खाली सोडला आणि त्यातून बाहेर पाऊल टाकलं. तायडीने तो चढवला. खांदे खांद्यांवर बसले. बाही मनगटाशी थांबली. घेर गुडघ्याखाली बरोबर तिथे, जिथे असायला हवा. तायडीने एक गिरकी घेतली आणि फ्रॉक ताटासारखा फुलला.

"अगंबाई," वहिनी म्हणाली, "हा तर हिच्याच मापाचा झालाय!"

मला पुढची सगळी वर्षं समोर दिसली. आणखी तीन वर्षांनी हा फ्रॉक धुऊन, इस्त्री करून, याच पिशवीतून आमच्या घरी येणार. मी स्वतःच्या हातांनी, तेल लावून, बोटाला सुई टोचून घेऊन, माझ्या मुलीसाठी तायडीचा आणखी एक जुना फ्रॉक तयार केला होता. मला भिंगरीकडे बघवेना.

भिंगरी तायडीभोवती एक फेरी मारत होती. हात मागे बांधून, सेक्रेटरींनी मारली होती तशी. मागची बदकं बघितली. मग पुढे आली, तायडीची कॉलर सारखी केली आणि म्हणाली,

"घाल हं. एकदाच घातलाय, अगदी नव्यासारखा आहे. नीट वापर."

पहिलं कोण हसलं ते आठवत नाही, पण वहिनी सगळ्यात शेवटपर्यंत हसत होती आणि मग तिने डोळे पुसून भिंगरीला उचलून घेतलं. तायडीने मात्र अगदी गंभीरपणे "थँक यू" म्हटलं. तिला आयुष्यात कुणाचा फ्रॉक मिळालेला नव्हता. मोठी असल्याने तिच्या वाट्याला ते कधी आलंच नव्हतं. स्टुडिओत ती दोन वेळा म्हणाली, "जपून बसते, भिंगरीचा आहे."

भिंगरीने वहिनीच्या पिशवीतला हिरवा फ्रॉक घातला. फोटोवाला "हसा" म्हणायच्या आधीच ती हसत होती.

तो फोटो आता ओळीत शेवटी लावला आहे. तायडीने नंतर मला "माझ्या मापाचा एक शिवा" म्हणून सांगितलं, पण तो वहिनीला बसेल अशी सगळ्यांची खात्री असल्याने विषय तिथेच राहिला. मशीनवर पुन्हा टीव्ही आला आहे.

परवा सेक्रेटरी वर्गणी घ्यायला आले होते. भिंगरीने त्यांचा हात धरून त्यांना फोटोसमोर नेलं.

"ही तायडी," ती म्हणाली, "आणि तिच्या अंगावरचा फ्रॉक माझा आहे. मी तिला घालायला दिलाय. मी मोठी झाले की मला बरोब्बर बसणार. बाबांनी मुद्दाम तसाच शिवलाय."

सेक्रेटरींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी वर्गणीचे पैसे मोजत होतो. मान वर केली नाही, पण हो म्हणालो.